नदीच्या सिनेमाचा सेकंड हाफ

सयाजीकाकांना गुडघ्याची आठवण झाली ती नेमकी त्याच रविवारी सकाळी.

"मिने, तुमी जा. माझा गुडघा लई दुखायलाय," दिघीच्या घराच्या पायरीवर बसून ते म्हणाले. अंगात मात्र इस्त्रीचा सदरा होता, आणि आतून त्यांची सून सांगत होती की कालच हे गुडघे मित्रांबरोबर आळंदीपर्यंत जाऊन आले.

मिनलने गाडी बंद केली नाही. मागच्या सीटवरून तिच्या वडिलांनी, ज्ञानदेवांनी, काच खाली केली.

"सयाजीराव, सिनेमा उभ्यानं बघायचा नाहीये. खुर्च्या आहेत तिथं."

"पण माझा बघून झालाय राव. सेकंड हाफ. मी कशाला परत?"

"आणि फर्स्ट हाफ? तो माझ्या वाटणीला होता. तुझा राहिलाच आहे. चल, बस."

काका उठले, चपला शोधायला उगाचच बराच वेळ लावला आणि ज्ञानदेवांच्या शेजारी येऊन बसले. पुढच्या सीटवरून मिनलची आई, गिरजाबाई, मागे न वळता म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या नदीपायी मी आज विहारातली वंदना सोडून आलेय. तुम्ही एक गुडघा सोडा."

मिनलला हसू आलं. पण मागच्या आरशात तिला काकांचा चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. वय झालं, तिने मनाशी म्हटलं, आणि गाडी निगडीच्या रस्त्याला लावली.

सिनेमाला नाव होतं, पण त्यांच्या घरात ते कधी कोणी घेतलं नाही. तो 'नदीचा सिनेमा'. जुना, काळा-पांढरा, जवळजवळ चार तासांचा. मिनल लहान असताना पिंपरीतल्या एका थेटरात तो पुन्हा लागला होता. ज्ञानदेव आणि सयाजी एकाच कंपनीत एकाच लेथवर होते. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. त्यामुळे जन्मात कधी दोघांना बरोबर सिनेमाला जाता आलं नाही. तेव्हा पाळीवाले कामगार एक युक्ती करत. दोघांत मिळून एक तिकीट काढायचं. मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला दारवान गेटपास देई. तो रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात ठेवायचा. पहिला कंपनीची बस पकडायचा, दुसरा अंधारात शिरून पहिल्याची खुर्ची शोधायचा. दारवानाला सगळं ठाऊक असे. त्याचा भाऊही पाळीवालाच होता.

ज्ञानदेव दुपारपाळीला निघालेले, म्हणून पूर्वार्ध त्यांचा. सयाजी रात्रपाळी उरकून, दोन घटका पडून आलेला, म्हणून उत्तरार्ध त्याचा. मग रात्री पाळी बदलताना मशीनचा ताबा द्यायचा, टूल बदललंय, कूलंट भरलंय, आणि त्याच दमात आपापला अर्धा सिनेमाही सांगायचा. नदीचा सिनेमा मोठा. तो सांगून संपायला बरेच दिवस लागले. आणि पाठोपाठ रविवारी चाळीच्या जिन्यात तोच सिनेमा छोट्या मिनलला सांगितला जाई. पूर्वार्ध बाबा सांगत, उत्तरार्ध सयाजीकाका.

पूर्वार्धात एक नावाडी होता आणि त्याची लहान मुलगी. मुलगी रोज सकाळी नदीत काठी उभी करी आणि पाणी जिथवर आलं तिथे नखाने खूण ओढी. मग महापूर आला. बाप पैलतीरावर अडकला, मुलगी अलीकडे काठी धरून उभी, आणि पडद्यावर अक्षरं आली: मध्यंतर. बाबा इथे थांबत. "पुढचं काकाला विचार."

काकांच्या उत्तरार्धात मुलगी वाहत जाऊन दूरच्या एका गावी लागे. तिथे पाथरवटांची वस्ती. त्यांचा म्हातारा मुखिया तिच्या हातात दोन दगड ठेवी. इतके गुळगुळीत, इतके सपाट, की एकावर एक ठेवले तर चिकटून बसत. वरचा उचलला की खालचाही उचलला जाई. ना डिंक, ना चुना. म्हातारा म्हणे, "पोरी, असे दोन दगड तुला करता आले की माझ्याकडे ये. मग तुला पूल बांधायला शिकवतो." मुलगी घासत राही. पावसाळे जात. शेवटी तिचे दगड चिकटत आणि ती त्याच नदीवर पूल बांधी. पुलावरून एक थकलेला म्हातारा येई. ती त्याला ओळखत नसे. मग तो तिच्या हातातली काठी बघे.

लहानपणी मिनलने या दगडांसाठी चाळीमागच्या नाल्यातले कितीतरी गोटे फरशीवर घासले. एकही चिकटला नाही. पुढे तिने फिजिक्स घेतलं. ते का घेतलं हे कोणी विचारलं तर तिला नीट सांगता येत नसे. शिक्षण झाल्यावर मापनाच्या प्रशिक्षणात सरांनी टेबलावर पोलादाचे दोन चकचकीत ठोकळे ठेवले. स्लिप गेज म्हणतात त्यांना. कारखान्यातली बाकीची मापं त्यांच्यावरून तपासतात. सरांनी एक ठोकळा दुसऱ्यावर हलकेच सरकवला आणि वरचा उचलला. खालचा त्याला लटकून वर आला. वर्गातली मुलं चकित झाली. मिनल मात्र मोठ्याने म्हणाली, "सर, हे सिनेमात आहे!" सगळा वर्ग हसला होता.

आता चाकणला मापं तपासणाऱ्या एका लॅबची ती प्रमुख होती. लॅबमध्ये नवी मुलगी रुजू झाली की पहिल्या दिवशी मिनल तिच्या हातात दोन स्लिप गेज देई आणि नावाड्याच्या मुलीची गोष्ट सांगे. "तो सिनेमा मिळाला तर बघ," असंही म्हणे. स्वतः तिने मात्र तो पाहिला नव्हता. फोनवर एक फाटकी-तुटकी आवृत्ती फिरत होती, मधली रिळं गायब असलेली. तशी तिला ती नको होती. म्हणून निगडीच्या एका फिल्म क्लबने तिथल्याच प्राधिकरण भागातल्या सभागृहात दुरुस्त केलेली संपूर्ण प्रत लावणार असल्याचं कळलं, तेव्हा तिने त्याच क्षणी चार जागा धरल्या. तिला एकच प्रसंग पाहायचा होता. ते दोन दगड. ज्याने आपल्याला घडवलं ते एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच.

"काका," तिने गाडी चालवता चालवता विचारलं, "दगडांचा सीन मध्यंतरानंतर लगेच आहे का हो?"

"अं? लगेच असं नाही," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जुनी गोष्ट झाली बाळा. थोडं इकडं-तिकडं असू शकतं."

"दगडाचं इकडं-तिकडं काय असायचंय?" ज्ञानदेव म्हणाले. "कितीदा सांगितलायस तू. मला पाठ आहे."

काकांनी गुडघा चोळला.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. अंधार झाला, आणि पडद्यावर नदी आली.

मिनलने ती नदी वडिलांच्या शब्दांत इतक्यांदा पाहिली होती की आता चूक सापडेल अशी तिची तयारी होती. सापडली नाही. नाव तशीच होती, एका बाजूला कललेली. नावाड्याचा उजवा खांदा वल्ह्याच्या सवयीने खाली आलेला, तोही तसाच. बाबांनी काही वाढवलं नव्हतं, काही गाळलं नव्हतं. तिने काकांच्या पलीकडे, बाबांकडे पाहिलं. ज्ञानदेवांचे ओठ पात्रांच्या थोडे आधीच हलत होते.

आणि सयाजीकाका पुढे झुकून बसले होते. गुडघा-बिडघा सगळं विसरून.

"ज्ञानदेवा," ते कुजबुजले, "ही बकरी तू सांगितली नव्हतीस."

"सांगितली होती. तू मशीन पुसत होतास."

"लई ग्वाड पोरगी आहे रे."

"शूऽऽ," गिरजाबाई म्हणाल्या. "दोघांना बाहेर काढतील."

पूर आला. पाणी काठीवरची एकेक खूण गिळत वर चढलं. पैलतीरावर बाप हात हलवत होता. आवाज येत नव्हता, नुसतं पाणी. मुलगी काठी धरून उभी होती, आणि पडद्यावर तीच अक्षरं आली. ज्ञानदेवांनी श्वास सोडला. सवयीने ते उठूनच उभे राहिले, कंपनीची बस चुकेल अशा घाईने. मग स्वतःशीच हसले आणि खाली बसले.

"घे सयाजी. आता तुझी पाळी."

मध्यंतरात काका चहा घेऊन आले, पण त्यांनी तो प्यायला नाही. "मी काय म्हणतो," ते कपाकडे बघत म्हणाले, "ज्ञानदेवाचं मन भरलं असंल तर निघावं का? ऊन होईल. वहिनींना त्रास."

"वहिनींना काही त्रास नाही," गिरजाबाई म्हणाल्या. "पोरगी पाण्यात सोडून कुठं जायचं?"

उत्तरार्ध सुरू झाला. मिनल ताठ बसली. ती दूरच्या गावाची वाट पाहू लागली.

पडद्यावर बाप नदीकाठाने मुलीला शोधत निघाला होता. गावामागून गावं. एका गावात लढाई चालली होती, त्याला धरून सैन्यात घातलं. हजारो माणसं, उंट, धुळीचे लोट. मग तुरुंग. मग पुन्हा वाट. पाथरवट येत नव्हते. मिनलला वाटलं, दुरुस्त करताना प्रसंगांचा क्रम बदलला असेल. मग वाटलं, आपलीच आठवण चुकत असेल. मापात फरक दिसला की आधी उपकरण तपासायचं, मग खोलीचं तापमान, मग स्वतःचा हात. ही तिची रोजची शिस्त होती. तिने ओळीने सगळं तपासलं. बाप म्हातारा झाला तरी पाथरवट आले नाहीत.

तेवढ्यात तिच्या कानावर एक बारीक, संथ आवाज आला. तिने मान वळवली.

सयाजीकाका झोपले होते. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, हात पोटावर. किती वेळ झाला होता कोण जाणे. पूर्वार्धभर जागा असलेला माणूस अंधारात सेकंड हाफ लागताच गाढ झोपला होता, जशी कोणी बटण दाबून मशीन बंद करावी.

मिनल त्यांच्याकडे बघत राहिली. सगळं तपासून झाल्यावर उरलेली एकच शक्यता तिच्या समोर घोरत होती.

रात्रपाळी करून आलेला तरुण सयाजी. गार, अंधारं थेटर. ज्ञानदेवाची अजून ऊब असलेली खुर्ची.

दगड नाहीत. पाथरवट नाहीत, पूल नाही. इतकी वर्षं ती नव्या मुलींना जे सांगत आली ते कुठल्याच रिळात नव्हतं. मग ते दगड आले कुठून? गोटे तसे चिकटत नाहीत, हे ती नाल्यात शिकली होती. चिकटतात ते ठोकळे. आणि ते ठोकळे लेथवर काम करणाऱ्या माणसाला एकाच ठिकाणी दिसू शकतात. केलेला पार्ट तपासायला घेऊन जायचा त्या इन्स्पेक्शन रूममध्ये, काचेपलीकडे. काका तिथे कधीतरी उभे राहिले असतील. आपला पार्ट पास होतोय की नाही याची वाट बघत त्यांनी एका ठोकळ्याला दुसरा लटकताना पाहिला असेल. आणि रात्री ज्ञानदेवाने "पुढं काय झालं रे?" म्हणून विचारलं, तेव्हा हाताशी होतं ते त्यांनी दिलं. मग जिन्यात बसलेल्या मुलीला, दर रविवारी, थोडं अधिक.

पडद्यावर आता नदी आटली होती. म्हातारा बाप कोरड्या पात्रात उतरला. वाळूत एक काठी उभी होती, खुणांसकट. मुलगी नव्हती. ती कधीच कुठे लागली नव्हती. म्हातारा काठीशेजारी बसला आणि कॅमेरा तसाच राहिला. संगीत नाही, शब्द नाही. वारा वाळू सरकवत होता. इतकं थोर काहीतरी आपण बघतो आहोत हे मिनलला कळत होतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण त्यातलं किती पडद्यासाठी आणि किती शेजारच्या खुर्चीसाठी, हे तिला सांगता आलं नसतं. काकांनी हा शेवट लपवला नव्हता. त्यांना शेवट ठाऊकच नव्हता. वाटेल तो शेवट करायची मुभा असताना, मुलीला बुडू द्यावं हे त्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं.

मग तिला बाबांची आठवण झाली आणि ती घाबरली. ज्ञानदेवांना खोटं खपत नसे. या मैत्रीत त्यांनी घराच्या किल्ल्यांपासून सगळं सयाजीच्या हाती दिलं होतं. त्यांनाही आता दिसत असणार.

गिरजाबाईंनी घोरणं ऐकलं. नवऱ्यासमोरून हात लांबवून त्या काकांना कोपराने ढोसणार, तोच ज्ञानदेवांनी तो हात मध्येच धरला. नजर पडद्यावरून न हलवता ते हळू आवाजात म्हणाले,

"झोपू दे त्याला. रात्रपाळी करून आलाय."

सयाजीकाकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

टाळ्यांच्या आवाजाने काका जागे झाले. दचकून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी ते दाराकडे निघाले आणि गाडीत बसेपर्यंत कोणाकडे पाहिलं नाही.

गाडी निगडीतून निघाली. भोसरीच्या सिग्नलला मागून खोकल्याचा आवाज आला.

"ज्ञानदेवा. मधी जरा डोळा लागला माझा. रात्री झोपच आली नव्हती."

"कधी लागला?"

"ते... इंटरवलनंतर."

"मग तुला पुढचं काहीच कळलं नसेल."

"नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काय झालं रे पुढं?"

मिनलने आरशात पाहिलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. कारखान्याच्या लांबलचक भिंतीवर दुपारचं ऊन पडलं होतं. त्यांनी हाताचे तळवे मांडीवर पुसले, पूर्वी मशीनचा ताबा देण्याआधी पुसत तसे.

"पुढं होय," ते म्हणाले. "ती पोरगी वाहत वाहत लांब एका गावाला लागते. पाथरवटांच्या."

गिरजाबाई गर्रकन मागे वळल्या. "अहो, कुठल्या पाथर—"

"आई," मिनल म्हणाली, "पाण्याची बाटली दे गं जरा."

गिरजाबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग मागे दोघांकडे. बाटली काढून दिली आणि पदराने स्वतःचं तोंड पुसत समोर बघत बसल्या. "द्या सांगून," त्या पुटपुटल्या. "मला मेलीला चष्मा बदलायला झालाय बहुतेक."

"तिथला म्हातारा तिला दोन दगड देतो," ज्ञानदेव सांगत होते. "असे गुळगुळीत, की एकावर एक ठेवले की चिकटलेच."

"नुसते ठेवून नाही चिकटत, बाबा," मिनल म्हणाली. सिग्नल हिरवा झाला होता. तिने गाडी पुढे घेतली. "आधी स्वच्छ पुसायचे. मग एक दुसऱ्यावर कडेने आणून सरकवायचा. हलका दाब देत. मधली हवा निघून जायला हवी."

सयाजीकाका म्हणाले, "हां. बरोबर आहे. सरकवतच होता तो माणूस. माझं सांगायचं राहिलं."

"मला ते सरांनी शिकवलं," मिनल म्हणाली. "पण सरांच्या आधी मला माहीत होतं, काका. तुमच्यामुळे. वर्गात एकटीलाच माहीत होतं." तिने गिअर बदलला. "शनिवारी माझ्या लॅबला या. दोघंही. तुम्हाला दगड दाखवते."

"दगड मी बघितलेत गं. काचेच्या अलीकडून."

"म्हणूनच म्हणते. आता हातात घेऊन बघा."

आरशात दिसलं ते एवढंच, की बाबांनी खिशातला रुमाल काकांकडे सरकवला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

"मग?" थोड्या वेळाने रुमालातूनच आवाज आला. "चिकटले का तिचे दगड?"

"तू सांग मिनल," ज्ञानदेव म्हणाले. "माझी पाळी संपली."

मिनलने सांगायला सुरुवात केली. मुलगी घासत राहिली. पावसाळे गेले. गाडी दिघीच्या दारात येऊन उभी राहिली, आतून सून बाहेर आली, पण गाडीतून कोणीच उतरलं नाही. पूल अजून व्हायचा होता.